दगडाची शिंपली आणि पेनस्टँड

वस्तू आपसात बोलत असत, त्या काळची गोष्ट. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या कुमुदिनीबाईंच्या टेबलावर दगड झालेली एक शिंपली कागद दाबून बसलेली असे. शेजारी चिनी मातीचा पेनस्टँड होता. त्याच्यावर त्याच शिंपलीचं एक जुनं रेखाचित्र छापलेलं होतं.

येणारे पाहुणे शिंपली हातात घ्यायचे आणि म्हणायचे, “खरी ही. ते काय, नुसतं चित्र.” रोज तेच ऐकून पेनस्टँड विटून गेला. एके दुपारी पंख्याच्या थरथरीबरोबर तो टेबलाच्या कडेकडे सरकू लागला.

“कुठे निघालास?” शिंपलीनं विचारलं.

“खाली पडतो, आजी. खोटं असण्याचा कंटाळा आलाय. तुम्ही खऱ्या, तुम्हाला नाही कळायचं.”

शिंपली दमल्या आवाजात म्हणाली, “खरी शिंपली समुद्राच्या तळाशी केव्हाच विरघळली रे. तिच्या पोकळीत भरलेल्या चिखलाचा दगड झाला, तो दगड म्हणजे मी. तिचा आकार तेवढा सांभाळून आहे. खरी म्हणवून घेता घेता मीही थकलेय.”

“मग इतके दिवस कुणाला सांगितलं नाहीत?”

“आज तुला सांगितलं.”

पेनस्टँड कडेवरून मागे सरकला आणि तिला टेकून उभा राहिला.