पाणी निवळीला झेलेना

चूक केरोबाची. तो म्हातारा, तो मोठा, म्हणून त्याला कुणी काही बोललं नाही. म्हणून इथं सांगायचं.

एक होता डोह. डोहावर राहायची निवळी. तांदळाच्या दाण्याएवढी. पाय सहा, काडीसारखे. ती पाण्यावर चालायची. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र. पाणी तिला झेलायचं.

केरोबाचं डोकं खाजायचं. त्यानं केस धुवायची बाटली आणली. बाटलीवर लिहिलेलं, सगळ्यांच्या केसांना चालेल. केरोबाच्या केसांना नाही चाललं. एकदा लावलं, उरलेलं डोहात ओतलं. भुळुक भुळुक. दुसरी आणली. तीही ओतली. भुळुक भुळुक. तिसरी ओतली. बारावी ओतली.

डोहावर फेस आला. पांढरा, जाड. वारा नव्हता, तरी फेस हलत होता. फस्स, फस्स. खाली कुणी झोपलंय आणि श्वास घेतंय, असा. भर दुपार होती. बेडूक गप्प. पाखरं गप्प.

निवळीनं पाय टेकला. बुळुक. पाय आत गेला. दुसरा टेकला. बुळुक. तोही आत गेला. कशीबशी ती काठाला लागली.

निवळी गेली केरोबाकडे. टिच टिच, टिच टिच.

"केरोबाआजोबा,
पाणी मला झेलेना."

"मग मी काय करू?" केरोबा म्हणाला. "माझ्या डोक्याला चालेल असं काही आण, मग थांबतो. तोवर आणणार आणि ओतणार. डोह काय बोलतोय होय?"

निवळी गेली भिवरामावशीकडे. टिच टिच, टिच टिच. भिवरामावशी केस धुवायला ज्याच्या त्याच्या डोक्याचं वेगळं कालवायची.

"भिवरामावशी,
केरोबा ओतायचं थांबेना,
पाणी मला झेलेना."

"त्याचं डोकं मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "कोरडं ठक्क. रिठा नको त्याला. शिकेकाई थोडी, मेथी जास्त. एक वाटी बास. पण शिकेकाई संपली गं. वेलीनं शेंगा दिल्या, तर कालवते."

निवळी गेली वेलीकडे. टिच टिच, टिच टिच. वेल सगळी काटे आणि काटे.

"वेलीताई,
भिवरा वाटी कालवेना,
केरोबा ओतायचं थांबेना,
पाणी मला झेलेना."

वेल करकरली. "मी वाळले. झऱ्यानं भिजवलं, तर देते."

निवळी गेली झऱ्याकडे. टिच टिच, टिच टिच. झरा दिसेना. दगडाखालून नुसता आवाज. घुर्र, घुर्र.

"झरेदादा,
वेल शेंगा देईना,
भिवरा वाटी कालवेना,
केरोबा ओतायचं थांबेना,
पाणी मला झेलेना."

"माझ्या तोंडात केरोबाच्या बाटलीचं टोपण बसलंय," दगडाखालून आवाज आला. "खेकड्यानं ओढलं, तर भिजवतो."

निवळी गेली खेकड्याकडे. टिच टिच, टिच टिच. बीळ काळं. आत दोन डोळे. बाकी काही नाही.

"खेकडेमामा,
झरा वेलीला भिजवेना,
वेल शेंगा देईना,
भिवरा वाटी कालवेना,
केरोबा ओतायचं थांबेना,
पाणी मला झेलेना."

डोळे पुढे आले. "ओढतो. पण मला केरोबाचं पाण्यातलं तोंड हवं. बिळात एकट्याला करमत नाही."

निवळी परत गेली केरोबाकडे. टिच टिच, टिच टिच. केरोबा फेस बाजूला सारून पाण्यात तोंड बघत होता. भांग पाडत होता.

"केरोबाआजोबा,
खेकडा टोपण ओढेना,
झरा वेलीला भिजवेना,
वेल शेंगा देईना,
भिवरा वाटी कालवेना,
तुमचं ओतणं थांबेना,
पाणी मला झेलेना.
खेकड्याला तुमचं पाण्यातलं तोंड हवंय. देता?"

केरोबा हसला. त्यानं मान वळवून बघितलंही नाही. मोठी माणसं लहानांचं असंच ऐकतात.

"पाण्यातलं तोंड? घेऊन जा की. मला काय त्याचं लोणचं घालायचंय?"

खेकडा आला. तिरका तिरका. नांगी उघडली. कट्ट. एक कान. कट्ट. दुसरा कान. कट्ट कट्ट. हनुवटी, कपाळ, भांग. सगळं गोल कापलं, रुमालासारखं घडी घातलं आणि बिळात नेलं.

केरोबा काठावर हसतच होता. पाण्यात आभाळ दिसत होतं. झाड दिसत होतं. केरोबा नव्हता.

मग खेकड्यानं टोपण ओढलं. फट्.
झऱ्यानं वेलीला भिजवलं. झुळुझुळु.
वेलीनं शेंगा दिल्या. टप टप.
भिवरानं वाटी कालवली. घुट घुट.
केरोबानं डोक्याला लावली. खाज गेली. वाटी संपली. ओतायला काही उरलंच नाही.

झऱ्याचं पाणी डोहात आलं. फेस हलला. फेस सरला. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. बेडूक बोलला. निवळीनं पाय टेकला. हळूच. पाय वरच राहिला. दुसरा टेकला. तोही वर. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र. पाणी निवळीला झेलू लागलं.

खेकड्याच्या बिळात आता एक तोंड आहे. कान लावला तर फणीचा आवाज येतो. खर्र, खर्र.

आणि केरोबाचे केस छान झाले. मऊ, चमकदार. लोक तसं सांगतात. तो डोहात बघतो, हंड्यात बघतो, आरशात बघतो. त्याला ते कधीच दिसले नाहीत.