सोंगघराचं सातवं कुलूप

"अंगाची हळद अजून उतरली नाही आणि सोंगघराची किल्ली कमरेला लावून फिरतेय. उद्या नवऱ्यामागं नाशकाला गेली, की किल्ली काय पोस्टानं येणार?"

जानकीकाकू हे आपल्या थोरल्या दिरांच्या, लहानूबाबा भोयांच्या, कानात सांगत होत्या. पण काकूंचं कानात सांगणं पलीकडच्या पाड्यावरही पोचायचं. इथे तर महाल्यांची नवी सून प्रणिता पायरीशीच चपला काढत होती. तिने कमरेची किल्ली पदराखाली सारली आणि काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने वर आली. लग्नाला दीड महिना झाला होता. तेवढ्यात तो चेहरा तिला चांगला जमू लागला होता.

बोहाड्याच्या उत्सवात नाचवायच्या सोंगांचं, म्हणजे लाकडी मुखवट्यांचं, हे घर गावाच्या वरच्या अंगाला आहे. दाराच्या कडीपासून चौकटीच्या कडीपर्यंत कुलपांची साखळी, एकाच्या कानात दुसरं अडकवलेलं. सात घरांची सात कुलपं. कुणीही आपलं एक उघडलं की साखळी तुटते आणि दार उघडतं. प्रणिता पहिल्यांदाच ती जवळून पाहत होती. सहा कुलपं ओळीत होती. महाल्यांचं, सासूबाईंनी लाल दोरा बांधलेलं, कानातल्या डुलासारखं खाली लोंबत होतं. असेल तशीच रीत, असं तिला वाटलं.

नाशिकहून आलेल्या पाहुण्यांपैकी एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "एवढा काय ऐवज आहे हो आत?"

"ऐवज लाकडाचा," लहानूबाबा म्हणाले. "चोराला एक कुलूप पुरतं, बाई. सात लागतात ती आपसातल्यांना."

त्यांनी आपलं कुलूप उघडलं. आत भिंतभर बावन्न सोंगं होती. मागच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, सुपाएवढं भोक होतं. भिंत विटांची, नवी, गिलावा केलेली. भोक मात्र तसंच ठेवलेलं. प्रणिता त्याच्याजवळ जाऊन बसली. बाबांनी टोपी सारखी केली आणि भोकाची गोष्ट सांगायला घेतली.

असं सांगतात, की पूर्वी हे घर कुडाचं होतं, कारवीच्या काठ्यांचं, शेणाने सारवलेलं. किल्ली कुणा एकाकडे नको, म्हणून सात घरांनी सात कुलपं घडवून आणली. नियम तेव्हा एकच होता: किल्ली गावात निजणाऱ्याकडेच राहावी. एका वर्षी बोहाड्यात आधी कुणाचं सोंग नाचवायचं यावरून भोये आणि महाले यांच्यात वाद पेटला. मान महाल्यांना मिळाला. भोयांचा एक पुरुष रागातच सोंगघर बंद करायला आला, आणि म्हणे, त्याने साखळी जोडताना महाल्यांचं कुलूप गाळलं. नुसतं बाजूला अडकवून ठेवलं. बघणाऱ्याला सात दिसावीत, पण दार उघडणारी सहाच.

"महाल्यांच्या घरी तेव्हा एकटी विधवा होती, ठकू. तिला कुणी सांगितलं नाही."

चैत्रातल्या बाजाराच्या दिवशी सगळा गाव डोंगर उतरून गेला होता. भर दुपारी वरच्या रानातून वणवा आला. ठकू किल्ली घेऊन धावली. तिचं कुलूप उघडलं, हातात आलं. दार जागचं हललं नाही. तिने पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. आपलंच काही चुकतंय असं तिला वाटलं, म्हणे.

प्रणिताचा हात पदराखाली किल्लीवर गेला.

मग ठकूने मागचा कूड विळ्याने फोडला. आत शिरून एकेक सोंग भोकातून बाहेर ढकललं. एक्कावन्न झाली. उरला भोयांचा वेताळ. तोवर छपराने पेट घेतला होता. त्याला तसाच जळू दिला असता तर तिला कोण बोलणार होतं? पण ती वळली. गाव परतला तेव्हा वेताळ भोकात अडकलेला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर, एक गाल जळालेला. ठकू सापडली नाही.

बाबांनी वेताळाकडे बोट केलं. गालाचं लाकूड काळं होतं. बाबा स्वतः भोये. पण आवाज जराही हलला नाही. शंभर वेळा सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याला लागत नसावी, असं प्रणिताच्या मनात आलं.

"तेव्हापासून दुसरा नियम लागला," बाबा उठत म्हणाले. "आजही हे भोक कुणी बुजवत नाही. आणि आजही दार बंद करणाऱ्याने प्रत्येक कुलूप ओढून त्या घराचं नाव घ्यायचं, त्या घराच्या माणसाने 'आहे' म्हणायचं. माणूस हजर नसेल तर दुसऱ्याने म्हणावं, पण नाव गाळायचं नाही."

सगळे बाहेर आले. बाबांनी दार ओढलं, आपलं कुलूप परत साखळीत घातलं आणि एकेकाला हात लावत निघाले. गावित. आहे. राऊत. आहे. हात कसा सरावाने चालत होता. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभर हा हात असाच चालला असणार.

"महाले."

बाबांची बोटं लाल दोऱ्याला नुसती शिवून पुढे गेली. ओढलं नाही.

"आहे," जानकीकाकू चटकन म्हणाल्या.

प्रणिता पुढे झाली. किल्ली पदराबाहेर काढून तिने लोंबणारं कुलूप उघडलं. ते अलगद तिच्या तळहातात आलं. साखळी जशीच्या तशी ताणलेली राहिली. चष्मेवाल्या बाई कुलपाकडे, मग बाबांकडे पाहू लागल्या. बाबांचा हात पुढच्या कुलपावर थबकला. काकूंनी नजर जमिनीकडे वळवली.

दीड महिन्यात या माणसांनी प्रणिताचा आवाज 'चहा घेता ना' आणि 'हो' एवढाच ऐकला होता.

"महाले आहेत, बाबा, पण साखळीत नाहीत," ती म्हणाली. "कुलूप नीट घालून देता, की मी विळा आणू?"