कातळावरचा खळगा

शास्ता एका आम्रवनात राहत असताना भद्रक नावाचा भिक्षू त्यांचा निरोप घ्यायला आला. त्याने विहारामागून विहार बदलले होते. जिथे जाई तिथली जागा त्याला लहान वाटे आणि ध्यान लागत नसे. आता एका मित्राच्या सल्ल्यावरून त्याला दूरच्या एका महाविहारात जायचे होते. शास्ता म्हणाले, "भद्रका, तुझी ही वणवण आजची नाही. बैस आणि ऐक." भद्रक उकिडवा बसला, पण भिक्षापात्र त्याने हातातच ठेवले.

पूर्वी अरुणावती नगरीत विपुलसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व बेडकाचा जन्म घेऊन नगराबाहेरच्या कातळमाळावर राहत होता. पावसाळ्यात त्या माळावरचे खळगे पाण्याने भरत. बोधिसत्त्वाचा खळगा एवढासा, की म्हैस बसली असती तर निम्मी बाहेर राहिली असती. तरी माळावरच्या साऱ्या बेडक्या अंडी घालायला तिथेच येत.

विपुलसेन राजा मनाने वाईट नव्हता, पण त्याच्या पायाला भिंगरी होती. एका महालात जेवायला बसला, तर हात धुवायला दुसऱ्या महालात जाई. वडिलांची पुष्करणी त्याला लहान वाटली म्हणून त्याने तळे खोदले. तळेही लहान वाटले, तेव्हा माळाच्या पायथ्याशी मोठा तलाव बांधला. पण पाऊस सरत आला तरी तलावाच्या वरच्या पायऱ्या कोरड्याच राहिल्या. शरद पौर्णिमेला राजाचे सासरे नौकाविहाराला यायचे होते. त्या उघड्या पायऱ्या सासऱ्यांना दिसणार, या विचाराने राजाला घास गोड लागेना.

त्याचा अमात्य पिंगल याला ‘नाही’ हा शब्द जन्मात कधी जमला नव्हता. तो म्हणाला, "महाराज, माळावर केवढं तरी पाणी नुसतं पडून आहे. खळगे फोडून पाट काढले, की सगळं तलावात येईल."

"मग थांबलात कशाला?" राजा म्हणाला.

पाथरवट माळावर चढले. छिन्नीवर घाव बसू लागले आणि प्रत्येक घावाबरोबर खळग्यातले पाणी थरथरू लागले. बेडूक काठावरून पाण्यात आणि पाण्यातून काठावर उड्या मारू लागले. बसावे कुठे, हे कुणालाच कळेना. खाली पिल्लांचा काळा घोळका या कडेहून त्या कडेला पळत होता. पिल्लांना मागचे पाय फुटले होते, पुढचे अजून यायचे होते, आणि शेपट्या होत्या तशाच होत्या.

कर्बुरा नावाची एक बेडकी बोधिसत्त्वाजवळ आली. ती म्हणाली, "दादा, आपण कुठंही उडी मारून जाऊ. पण या लेकरांनी काय करावं? पाट फुटला की ती थेट तलावात जातील."

"तू त्यांच्यापाशी थांब," बोधिसत्त्व म्हणाला, आणि जिथे घाव पडत होते तिथे जाऊन बसला.

पाथरवटांच्या नाईकाने त्याला हाताने बाजूला केले. तो परत आला. पुन्हा हाकलले, पुन्हा आला. शेवटी नाईक हातोडा खाली ठेवून राजाकडे गेला. राजा जवळच येरझाऱ्या घालीत होता.

"महाराज, छिन्नीखाली बेडूक येऊन बसतोय. घाव घातला तर मरंल. आमचा हात उचलत न्हाई."

राजा आला. त्या काळी माणसे प्राण्यांचे ऐकून घेत, म्हणून त्यांना ते समजतही असे. बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, या पिल्लांच्या शेपट्या गळेपर्यंत थांबा. मग हे पाणी तुमचंच आहे."

राजा हसला. "विहिरीतला बेडूक ऐकला होता. तू तर खळग्यातला निघालास. अरे, या ओंजळभर पाण्यात कसला जीव अडकलाय तुझा? खाली नजर पुरणार नाही एवढा तलाव आहे. तिथं तुझी लेकरं सुखात राहतील."

"तलावात मासे आहेत, महाराज. हा खळगा दर उन्हाळ्यात आटतो, म्हणून इथं मासा टिकत नाही. लोक आटण्याला या पाण्याचा दोष म्हणतात. आमच्या लेकरांचं तेच कुंपण आहे."

"भितोस तू," राजा म्हणाला. "मोठं कधी पाहिलं नाहीस म्हणून भितोस. थांब, मीच दाखवतो."

हे तो कपटाने बोलला नाही. आपण उपकार करतो आहोत असेच त्याला मनापासून वाटत होते. त्याने सोन्याचा तांब्या मागवला, स्वतः वाकून पिल्लांसकट पाणी भरून घेतले आणि भराभरा उतार उतरू लागला. कर्बुरा काठावर ओरडत राहिली. तांब्या भरला जात असतानाच बोधिसत्त्वाने त्यात उडी घेतली होती, हे घाईत राजाच्या ध्यानात आले नाही.

राजाने पायरीवर उभे राहून तांब्या तलावात रिकामा केला. क्षणभर पिल्ले एका जागी वळवळली. मग खालून पाणी उसळले. मरळ माशांचा थवा आला. पिल्लांच्या आणि माशांच्या मध्ये एक बेडूक अंग फुगवून इकडून तिकडे धडपडत होता. राजाने त्याला ओळखले. तो कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि त्याने बेडकाला उचलले. बेडकाचा मागचा एक पाय तुटला होता. तांब्यातले एकही पिल्लू उरले नव्हते.

"मी... मी त्यांना मोठी जागा दिली होती," राजा म्हणाला. मागोमाग आलेला पिंगल पायरीवरच थबकला. होय म्हणण्यासारखे त्यात काही नव्हते.

बेडकाला ओंजळीत घेऊन राजा तसाच ओल्या अंगाने माळ चढला. नाईकाने मळून दिलेली चिकणमाती घेऊन त्याने अर्धवट फुटलेला पाट स्वतःच्या हाताने बुजवला आणि खळग्याच्या काठावर बसला. उरलेली पिल्ले अजून कडेकडेने पळत होती. कर्बुरा त्याच्याकडे पाहत होती. तिच्याकडे पाहण्याचा राजाला धीर होईना.

"त्या माशांना मी काय शिक्षा करू?" त्याने विचारले.

"माशांचं काही चुकलं नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "तलावाची रीत ती आहे, खळग्याची ही. तुमच्या हाताजवळचं शेवाळ पाहा. त्यात थेंबभर पाणी आहे. त्या थेंबातही कुणी जन्मतं, कुणी कुणाला खातं, कुणी मरतं. त्यांना हा खळगा समुद्राएवढा वाटत असेल. आणि खऱ्या समुद्राच्या हिशेबी तुमचा तलाव या शेवाळातला थेंब आहे. पण महाराज, थेंब म्हणजे अपुरा समुद्र नव्हे. लहान जग मोठ्यात ओतलं, की मोठं काही वाढत नाही. लहान तेवढं मरतं."

राजाने खाली तलावाकडे पाहिले. मग त्याने हळूच विचारले, "आणि माझा तलाव? तो तर अजून भरलेला नाही."

"पायऱ्या उघड्या पडल्या, अशी तक्रार माशांनी कधी केली नाही, महाराज."

शरद पौर्णिमेला सासरे लवाजम्यासह तलावावर आले. नावा सजलेल्या होत्या, पण घाटावर राजा नव्हता. शोधत शोधत सासरे माळावर चढले. ज्या जावयाला त्यांनी कधी एका जागी बसलेले पाहिले नव्हते, तो एका खळग्याशी मांडी घालून बसला होता. शेजारी तीन पायांचा एक बेडूक होता. भोवतीच्या गवतात नखाएवढे बेडूक टुणटुण उडत होते.

"जावईबापू, नावा खोळंबल्यात," सासरे म्हणाले.

"जरा बसा," राजा पाण्यावरची नजर न काढता म्हणाला. "शेवटच्याची शेपूट गळायची राहिलीय."

एवढे सांगून शास्त्यांनी जन्मांचा मेळ घातला. "तेव्हाची कर्बुरा म्हणजे आजची भिक्षुणी वासवी. पाथरवटांचा नाईक म्हणजे या आम्रवनाचा माळी. अमात्य पिंगल म्हणजे, भद्रका, महाविहारात जा असा सल्ला तुला देणारा तो तुझा मित्र. राजा विपुलसेन कोण, ते तुला कळले असेल. आणि तो बेडूक मीच होतो."

भद्रकाने खाली पाहिले. तो बसला होता त्या झाडाखालच्या ओल्या मातीत मुंग्यांची रांग चालली होती, आणि जाण्याच्या घाईत त्याची टाच तिच्यावर पडली होती. त्याने पाय उचलून घेतला, पात्र बाजूला ठेवले आणि तिथेच मांडी घातली.

लहानाला त्याच्याच मापाने पुरते मानून त्याच्यासाठी अंग पुढे करणे, हीच करुणा.