नदी माहेरी आली तेव्हा

श्रावणातली सकाळ होती. दिवस कासराभर वर आला होता, आणि नदीकाठच्या एका नगरीत पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलं होतं. गोष्ट फार जुनी आहे. त्या नगरीचं नाव आज कुणाला आठवत नाही, तिथल्या राजाचंही नाही.

नगरीवर पाऊस नव्हता. पाऊस वर डोंगरात कोसळत होता आणि पाणी इथे चढत होतं.

खालच्या आळीतली जाणती माणसं राजवाड्यात गेली. त्यांच्या पुढे एक म्हातारा नावाडी होता. त्याने दोनच गोष्टी मागितल्या. लोकांनी टेकडीवर जावं अशी दवंडी पिटावी, आणि काल संध्याकाळी राजाच्या माणसांनी नेलेल्या नावा परत द्याव्यात.

"मधला ओढा भरला की आम्ही कोंडलो," तो म्हणाला. "मग टेकडी नुसती दिसत राहील."

बघतो, असं सांगून राजाने त्यांना वाटेला लावलं. त्याची अडचण निराळीच होती. गेल्याच वर्षी त्याने नदीकाठी तट बांधला होता, त्यावर आपलं नाव कोरून घेतलं होतं आणि या नगरीला आता पुराचं भय उरलं नाही, असं भर सभेत सांगितलं होतं. आता पूर आला म्हणायचं, तर तटाबद्दल बोलावं लागणार. तेव्हा प्रधानाने ठरवलं, की पूर हा शब्दच कुणी उच्चारायचा नाही. दुसरा शब्द शोधायला त्याने दरबारच्या भाटाला बोलावलं.

भाट गुणी होता, हे मान्य करायला हवं. त्याच्या ओव्या बायका जात्यावर म्हणत. तो राहायचा खालच्याच आळीत. त्याची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी नुकतीच त्याच्या घरी आली होती. राजवाड्याकडे निघताना त्याने पाहिलं होतं, की शेजारणी तिची ओटी भरत होत्या आणि ती लाजून हसत होती. तेच चित्र त्याने उचललं आणि राजापुढे ठेवलं.

"नदी वर्षभर आपल्या दारावरून जाते, आत येत नाही. आज ती माहेरी येते आहे. लेक उंबऱ्यात उभी असताना घराला कुलूप घालून पळणारे आईबाप तुम्ही कुठे पाहिलेत? तिची ओटी भरा."

राजाचे डोळे पाणावले. प्रधानाने शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं: आज जो घर सोडील, त्याने लेकीला दारातून परतवलं असं आम्ही समजू. गोड बोलण्याच्या शेपटाला धमकी अशीच बांधतात.

भाट घुटमळला. बहिणीला तेवढं टेकडीवर नेऊन ठेवू का, असं त्याने हळूच विचारलं.

"कविराज," प्रधान म्हणाला, "तुमच्या घरचं माणूस टेकडी चढताना दिसलं, तर लोक तुमचे शब्द ऐकतील की तिचे पाय बघतील?"

भाटाला ते पटलं. खरं म्हणजे त्याने ते पटवून घेतलं.

दुपारी घाटाजवळच्या मोकळ्या जागेत राजा बोलला. मंच मोठा थाटाचा होता. आंब्याचे टहाळे, झेंडूच्या माळा, आणि चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेलं भगवं कापड. राजा बोलत गेला आणि लोक रडत गेले. म्हातारा नावाडी तेवढा उठून उभा राहिला.

"लेक म्हणता तर लेक, महाराज. तिला जागा करून द्यायला आम्ही टेकडीवर जातो. आमच्या नावा तेवढ्या द्या."

लोकांनीच त्याला खाली बसवलं. याने स्वतःच्या लेकी तरी कधी सणाला आणल्या होत्या का, असं कुणी म्हणालं आणि सगळे हसले. बायका खण-नारळ आणायला घरोघर धावल्या. तोवर ओढ्यावरची वाट पाण्याखाली गेली होती. तिकडे कुणी पाहिलं नाही.

भाटाची बहीण ओटीचं ताट घेऊन अवघडल्या चालीने मंचाशी आली. भावाकडे बघून हसली.

"दादा, शब्द तुझे ना? मी ओळखले." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "खरंच थांबायचं ना रे?"

भाटाने प्रधानाकडे पाहिलं.

"थांब," तो म्हणाला.

तट मधोमध फुटला. पाणी घाटावरून आलं, गल्ल्यांतून आलं, एका दमात गुडघ्यावरून छातीला भिडलं. सगळं बुडू लागलं, पण मंच बुडाला नाही. तो हलला आणि वर उचलला गेला. भगवं कापड वाहून गेलं, तेव्हा खाली दिसल्या नदीवरच्या झाडून सगळ्या नावा, एकीला एक घट्ट बांधलेल्या. वर राजा होता, दरबार होता, खजिन्याच्या पेट्या होत्या, राणीचा पोपटाचा पिंजरासुद्धा होता.

बहिणीने मंचाची कड धरली. दुसऱ्या हातातलं ताट तिने अजून सोडलं नव्हतं. भाट वाकला.

"एकीला घेतलं तर सगळे चढतील," प्रधान म्हणाला.

भाटाचा हात अर्ध्यावर थांबला. तो अर्ध्यावर होता तेवढ्यात कुणीतरी मंचाला काठाशी धरून ठेवणारा दोर कापला.

पाणी ओसरल्यावर राजाला पुन्हा शब्द हवे होते. नदीने आपली लेकरं ओटीत घेतली, असं काहीतरी. भाट पुढ्यात कागद घेऊन बसून राहिला. त्याला एकही ओळ सुचली नाही. दुसरा भाट मिळायला अर्धा दिवसही लागला नाही.

पुढे पहिला भाट दारोदार जाऊन साध्या भाषेत सांगू लागला, की तो पूर होता आणि मी खोटं बोललो. लोक दार लावून घेत. ज्यांची माणसं गेली होती, त्यांना ती नदीच्या ओटीत आहेत हेच बरं वाटत होतं. घाटावर नवा शिलालेख लागला: नदीने राजाला डोक्यावर घेतलं. तेव्हापासून तिथे दर श्रावणात ओटी भरू लागले. पहिला नारळ राजा वाहायचा.

तेव्हा लहानथोर सगळ्यांनीच हे गाठीला बांधून ठेवावं: संकटाच्या वेळी राजा फार सुंदर बोलू लागला, की त्याच्या पायाखाली काय आहे ते आधी बघावं.

शब्द सकाळी मागवले होते. नावा आदल्या संध्याकाळीच नेल्या होत्या. कुणाच्या हुकमाने, ते त्या दरबारात कधीच कुणी सांगितलं नाही.