साठ पायऱ्यांच्या सुराची कहाणी

ऐक कड्याई माते, तुझी कहाणी. ऐका बायांनो, तुम्हीही ऐका. हातात अक्षता धरा, मांडीवरची पोरं गप्प करा आणि मधे उठू नका. कुणी उठलं की मला पहिल्यापासून सांगावं लागतं.

आटपाट गाव होतं. गावामागे कडा होता. कड्यावर देवी होती. देवीला जायला साठ पायऱ्या होत्या. त्या गावात तुळाजी नावाचा गुरव राही. तो देवीपुढे सनई वाजवी. त्याची बायको सगुणा. घर लहान, अंगण मोठं, खाऊनपिऊन दोघं सुखी.

देवीची एक रीत होती. दरवर्षी आश्विनातल्या नवमीला पालखी कडा चढे. पुढे सनई, मागे पालखी. सनईचा सूर चालू तोवर भोयांचे पाय चालू. सूर तुटला की पालखी तिथंच पायरीवर टेकायची. मग वाजवणाऱ्याने दम घ्यायचा, भोयांनी खांदा बदलायचा, मग पुन्हा उचलायची. तुळाजीचा बाप वाजवी तेव्हा पालखी कधी टेकली नाही. नाकाने श्वास घ्यावा, गालात साठवावा, सनईत सोडावा, आणि सूर काही तुटू देऊ नये. साठ पायऱ्या, एक सूर. तीच विद्या तुळाजीला आली. दहा वर्षं त्याच्याही सुरावर पालखी न टेकता वर गेली.

मग काय झालं? मग बीडी आली. लग्नकार्यात वाजवायला जाई, तिथं कुणी पानाबरोबर पुढे केली, हा नको म्हणायला लाजला. मग उठल्यावर एक झाली, जेवल्यावर एक झाली, तिसरीला कारण लागेनासं झालं. छातीत धूर भरला. श्वास आखूड झाला. एका नवमीला चाळिसाव्या पायरीवर सूर तुटला, पालखी टेकली. दुसऱ्या नवमीला पंचविसाव्या पायरीवर सूर तुटला, पालखी टेकली. तिसऱ्या नवमीला दहाव्या पायरीवर सूर तुटला, पालखी टेकली, आणि तुळाजी खोकत खोकत तिथंच मटकन बसला.

गावाने वाकडा शब्द काढला नाही. पण देवळात बैठक बसली. पुजारी म्हणाले, "तुळाजी, तुझ्या बापाचा मान आहे. या वर्षी आम्ही काही बोलत नाही. पण पुढच्या नवमीला पालखी टेकली, तर आम्हाला पलीकडच्या गावचा वाजंत्री बघावा लागेल." तुळाजीने मान हलवली. घरी आला, सनई खुंटीला टांगली, आणि तिच्याच खाली बसून बीडी पेटवली. बघा बायांनो, कसं असतं.

मग त्याने मनाशी ठरवलं, कुणाला न सांगता सोडायची. एकदा बंडल चुलीत टाकलं. घरभर धूर झाला, आणि हा तोच धूर नाकाने ओढत चुलीपुढे बसला. दुसऱ्यांदा बंडल तुळशीमागे पुरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उकरून काढलं. तिसऱ्यांदा कड्याकडे तोंड करून मनातल्या मनात शपथ घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागे जाऊन मोडली.

सगुणा बोलायची ती बोलायचीच. "भात्यासारखी छाती वाजते तुमची, तरी सोडवत नाही?" असं बोलता बोलता ती चुलीवर तवा ठेवी, तव्यावर तंबाखू भाजी, काळी झाली की चुरी, पितळी डबीत भरी, आणि बोट बुडवून दातांना घाशी. मिश्री हो. हसू नका. तुमच्यातल्या किती जणी चुळा भरून इथं येऊन बसल्यात, ते मला चांगलं ठाऊक आहे.

असे दिवस गेले. मग श्रावण आला. पहिला शनिवार होता. तुळाजी म्हणाला, बघू तरी किती पायऱ्या चढवतात. दहाव्या पायरीला दम लागला. बसला आणि त्याला रडू आलं. बघतो तो शेजारी एक म्हातारी. केस पांढरे, लुगडं जुनेर, पदराला गाठ. म्हणाली, "का रे बाबा रडतोस?"

"आजी, माझा श्वास चालला. श्वास गेला की सूर गेला. सूर गेल्यावर मी कोण?"

"बीडी सोडून बघितलीस?"

"तीनदा बघितली."

"कुणाला सांगून सोडलीस?"

"कुणालाच नाही. मोडली तर लोक हसतील."

"म्हणूनच मोडली," म्हातारी म्हणाली. "मी तुला एक वसा सांगते. पण तू लपवशील, लाजशील, घेतला वसा टाकशील."

"लपवणार नाही, लाजणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. आजपासून नवमीपर्यंत हा वसा करावा. एकट्याने करू नये. पाच घरं धरावी. पाच घरी जाऊन सांगावं, मी बीडी सोडली आहे. तलफ आली की जागेवरून उठावं, जवळच्या घरी जावं, उंबऱ्याशी उभं राहून म्हणावं, मला तलफ आली आहे. घरच्यांनी हसू नये, कीर्तन सांगू नये. तांब्याभर पाणी द्यावं, चिमूटभर ओवा द्यावा, हाताला काम द्यावं, ती जाईपर्यंत शेजारी बसावं. तलफ म्हणजे आगंतुक पाहुणी. तिला पाट मांडला नाही तर घटकेत निघून जाते. आणि मोडलं तर लपवू नये. सांगावं, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा धरावं."

"पाच घरं कुठली धरू?"

"चार तू धर. पाचवं तुझं तुला सापडेल." असं म्हणून तिने पदराची गाठ सोडली आणि चिमूटभर ओवा त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो तोंडात टाकला. वळून बघतो तर पायरी मोकळी.

मग तुळाजी गावात आला. ठकू कासारणीला सांगितलं, अंबू शिंपिणीला सांगितलं, तेलिणीला सांगितलं. सांगताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण सांगितलं. हसलं कोण? कुणी नाही. तलफ आली की ठकू म्हणे, "ये, बस. या बांगड्यांचे रंग वेगळे कर." अंबू म्हणे, "या सुया ओवून दे रे, माझी नजर गेली." तेलीण त्याला घाण्याच्या बैलामागे फेऱ्या मारायला लावी. चौथं घर हैबती भोयाचं. हा पालखीचा पुढचा दांडा धरणारा, आणि तुळाजीच्या जोडीने ओढणारा. त्याच्या हातात तेव्हाही चिलीम होती. त्याने तुळाजीचं ऐकलं, चिलमीकडे बघितलं, आणि ती उंबऱ्याबाहेर उपडी केली. म्हणाला, "तुळाजीबुवा, नवमीपर्यंत तुमच्यासमोर माझा एकही भोई ओढणार नाही. तुमचा सूर तुटला की वजन आमच्या खांद्याला कळतं."

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तुळाजी अंगणात तोंड धूत होता. आत सगुणेने तवा ठेवला. तंबाखू जळल्याचा वास आला. त्याचे पाय आपोआप गोठ्यामागे गेले. मोडलं. मग तो मान खाली घालून ठकूकडे गेला. "ठकूबाई, मोडलं."

"कशाने मोडलं?"

तुळाजी बोलायला गेला आणि थांबला. मागच्या दोन्ही वेळा आणि आजही तिसऱ्याच सकाळी का मोडलं, ते त्याला आत्ता कळलं. सगुणा दर तिसऱ्या दिवशी मिश्री भाजी. "आमच्या घरच्या तव्याने मोडलं," तो म्हणाला.

"मग मला काय सांगतोस? सगुणेला सांगितलंस का वसा धरलाय म्हणून?"

"नाही. ती बोलेल."

"बोलू दे की. बायको आहे तुझी."

मग तुळाजी घरी आला. आत गेला नाही. परक्याच्या दारी उभं राहावं तसा स्वतःच्या उंबऱ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "सगुणे, मी बीडी सोडायचा वसा धरलाय. चार घरी सांगितलं, तुलाच सांगायचं राहिलं. तुझ्या तव्याच्या वासाने आज मोडला. मला आत्ताही तलफ आली आहे."

सगुणेचं काळं बोट तोंडात होतं. तिला बोलायचं होतं पुष्कळ, पण तोंडात मिश्री, बोलणार कशी? ती न्हाणीत गेली, चूळ भरली, दुसरी भरली, तिसरी भरली. बाहेर आली ती तांब्याभर पाणी घेऊन. "इतकी वर्षं मी तुम्हाला बोलत होते," ती म्हणाली, "आणि धूर माझ्याच चुलीवर होत होता. मला कुणी सांगितलं नाही हो." तिचे डोळे भरले. तिने तवा उचलून उपडा घातला. डबी रिकामी केली, घासली, फळीवर ठेवली. तुळाजीला पाचवं घर सापडलं.

आता सोपं झालं म्हणाल, तर नाही झालं. सगुणेचं डोकं ठणके, हिरड्या शिवशिवत, ती पातेली आपटी. एका सकाळी तुळाजी ठकूच्या ओट्यावर ओवा चघळत बसला होता, तर सगुणा तणतणत आली. "ठकूबाई, मला तलफ आली आहे." ठकूने तिच्याही हातावर ओवा ठेवला. दोघं शेजारी शेजारी बसून बांगड्या निवडू लागली. वीस वर्षांचा संसार, पण सकाळच्या वेळी अशी निवांत कधी बसली नव्हती.

मग भाद्रपद आला. तुळाजी पलीकडच्या गावी गणपतीपुढे वाजवायला गेला. तिथं पानाबरोबर बीडी पुढे आली. याने घेतली, ओढली. परत येताना कडुलिंबाचा पाला चघळला, ओढ्यावर तोंड धुतलं. वेशीत आला आणि पाय अडला. आठवलं, लपवणार नाही, लाजणार नाही. तसाच हैबतीकडे गेला. "हैबती, मोडलं."

हैबती म्हणाला, "बरं केलंत, आलात. किती दिवस धरलं होतं?"

"एकवीस."

"ते एकवीस कुठं जात नाहीत. उद्यापासून पुढे धरा. आणि आता पाणी प्या."

पुन्हा भाद्रपदातच एका पंगतीत बीडी पुढे आली. तुळाजी म्हणाला, "मी सोडली आहे." समोरचा म्हणाला, "अरे वा." आणि पानदान पुढे सरकवलं. एवढंच झालं. इतकी वर्षं तो कशाला घाबरत होता, ते त्याचं त्याला समजेना.

मग आश्विन आला. घट बसले. नवमी उजाडली. सगळं गाव कड्याखाली जमलं. पलीकडच्या गावचा वाजंत्रीही बघायला आला होता. तुळाजीने सनई ओठाला लावली, सूर धरला. हैबतीने दांडा उचलला. दहावी पायरी आली, सूर चालू. पंचविसावी आली, सूर चालू. चाळिसावी आली, सूर चालू. बायकांनी पदर तोंडाला लावले. पन्नासावी गेली. पण बायांनो, छाती इतक्या वर्षांच्या धुराची. ती दोन महिन्यांत कितीशी निवळणार? पंचावन्नाव्या पायरीला सूर बारीक झाला, कापू लागला. तुळाजीचे डोळे पांढरे झाले. पालखी टेकवायला हैबतीने टेकूची काठी पुढे घेतली.

तेवढ्यात मागून सूर आला. सगुणेने धरला. तिने जन्मात कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं, पण नवऱ्याचा सूर वीस वर्षं कानात होता, तोच गळ्यातून काढला. मग ठकूने धरला, मग अंबूने धरला, मग तेलिणीने धरला, आणि दांड्याखालून हैबतीने आपल्या घोगऱ्या आवाजात धरला. पाच घरांचा सूर लागला. सनई थांबली, सूर थांबला नाही. भोयांचे पाय थांबले नाहीत. छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ. तुळाजीने पोटभर श्वास घेतला, पुन्हा सनई लावली, आणि साठावी पायरी सनईवर चढली.

पुजारी वर उभे होते. म्हणाले, "हे रीतीत बसतं का?"

हैबती घाम पुसत म्हणाला, "सूर चालू तोवर पाय चालू, एवढीच रीत. सूर कुणी धरायचा, हे देवीने कधी सांगितलं?"

पुजाऱ्यांनी देवीकडे बघितलं. देवीच्या पदराला सकाळी नव्हती अशी एक गाठ होती. सोडली तर आत चिमूटभर ओवा. मग पुजाऱ्यांनी तो ओवा कपाळाला लावला आणि पालखी आत घेतली.

तुळाजीने सनई देवीच्या पायाशी ठेवली. मग वळला आणि पाचही घरांपुढे वाकला. सगुणा लाजून मागे सरली. "अहो, माझ्या पाया काय पडता?" तुळाजी म्हणाला, "आई, बाप, गुरू, देव, सगळ्यांच्या पडलो. ज्यांच्यामुळे श्वास राहिला, त्यांच्या पडायचं राहिलं होतं."

वर्ष गेलं. दुसरी नवमी आली. त्या वर्षी तुळाजीची छाती मोकळी होती, साठ पायऱ्या त्याला सहज पुरल्या असत्या. पण पंचावन्नाव्या पायरीला त्याने मागे वळून बघितलं, हसला, आणि सनई खाली घेतली. म्हणाला, "पुढच्या पाच तुमच्या." सगळ्या गावाने सूर धरला. तेव्हापासून तिथं शेवटच्या पाच पायऱ्यांना सनई वाजत नाही, माणसं गातात.

आता कुंकू लावून घ्या. ही पितळी डबी पुढे सरकवा. जुनी आहे, झाकण घट्ट बसतं. पूर्वी हिच्यात काय असे, ते कहाणी ऐकलेल्या बाईला सांगायला नको. आणि घरी जाऊन ज्या कुणाला काही सोडायचं असेल, तिने आधी शेजारणीला सांगावं. शेजारणीने हसू नये, पाणी द्यावं.

कड्याई माता जशी तुळाजीला पावली, सगुणेला पावली, तशी तुम्हा आम्हा पावो. ज्याचा सूर तुटत असेल त्याला पाच घरं मिळोत. ही साठा पायऱ्यांची कहाणी पाचा घरांनी सुफळ संपूर्ण केली.