शेवटचं पान घरोघरी

पाहुणे, शेवटचं पान शोधू नका, ते त्या पुस्तकात नाही. हे दुसरं घ्या, यातही नाही. पळसखोरीच्या या सार्वजनिक वाचनालयात एकही पुस्तक पुरं नाही. पुठ्ठ्याच्या आत चिठ्ठी डकवलेली दिसते ना? ‘शेवटचे पान: गुरवांच्या घरी.’ गोष्ट संपवायची असेल तर उठायचं आणि गुरवांचं घर विचारत जायचं. पान ते हातात देत नाहीत. घरातलं कुणीतरी ओट्यावर बसून वाचून दाखवतं, आपण ऐकायचं आणि चहा घेऊन परत यायचं. परवा एका प्राध्यापकांनी मला तोंडावर रानटी म्हटलं. मी म्हटलं, बसा, आधी ऐका, मग हव्या तेवढ्या शिव्या द्या.

गोष्ट संस्थानी काळातली आहे. तेव्हा हे वाचनालय हरबाजी पिसे नावाचे शिंपी सांभाळत. दरबारातून वर्षाकाठी थोडी मदत यायची, ती आटत आटत दिव्याच्या तेलापुरती उरली आणि मग तीही बंद झाली. हरबाजींनी दार मात्र बंद केलं नाही. शिवणाचं मशीन उचलून त्यांनी वाचनालयाच्या उंबऱ्याशी आणलं आणि तिथंच बसून ते कपडेही शिवू लागले, पुस्तकंही देऊ लागले. गावातून कुणी तेल द्यायचं, कुणी ज्वारी. उरलेल्या कापडाचे त्यांनी पुस्तकांना अंगरखे शिवले. दुपारी भांडी आवरून बायका यायच्या, त्यांची पत्रं ते वाचून दाखवत, अर्ज लिहून देत. पुस्तकाच्या बाबतीत मात्र माणूस महाकडक. पानाचा कोपरा दुमडला म्हणून सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी वर्षभर पुस्तक दिलं नाही म्हणे.

एका उन्हाळ्यात दरबारचा हुकूम आला. खर्च झेपत नाही, सबब गावोगावची वाचनालयं मोडावीत आणि पुस्तकं राजधानीच्या ग्रंथसंग्रहात जमा करावीत. आठ दिवसांनी गाड्या येतील. वाचनालयाचे अध्यक्ष होते सातगोंडा मगदूम, म्हणजे माझे आजोबा. ते अर्ज घेऊन राजधानीला गेले, दिवसभर कचेरीच्या पायरीवर उभे राहिले आणि तसेच परत आले. त्या संध्याकाळी देवळात बैठक बसली. तिथं हरबाजी उठले. असं सांगतात, की ते एकच वाक्य बोलले.

“पुस्तकं गावाची शीव वलांडनार न्हाईत, ह्यो माजा शबुद हाय.”

लोकांना वाटलं, बिचारे दुःखाच्या भरात बोलतायत.

सातव्या दिवशी सकाळी गुरवांची सून सासऱ्याचं पुस्तक बदलायला गेली आणि किंचाळतच बाहेर आली. सगळं गाव धावलं. आत हरबाजी जमिनीवर बसले होते. दोन्ही बाजूंना पुस्तकांचे ढीग आणि हातात कापड बेतायची मोठी कात्री. एक पुस्तक घ्यायचं, शेवटचं पान धरायचं, शिवणीलगत कापायचं आणि बाजूला ठेवायचं. मग दुसरं घ्यायचं. पुस्तकाला चुकून पाय लागला तर कपाळाला हात लावून क्षमा मागणारी ही माणसं. त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. कुणी पुढं होईना.

आजोबा कसेबसे आत गेले. “हरबा, आरं ह्ये काय मांडलंयस?”

“थोडीच ऱ्हायल्यात, आण्णा. हुं द्या,” हरबाजी म्हणाले. कात्री थांबली नाही.

आजोबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या गावासमोर त्यांनी हरबाजींच्या कानशिलात भडकावली. टोपी उडून पुस्तकांवर पडली. हरबाजींनी ती उचलून डोक्यावर ठेवली, गालाला हातसुद्धा लावला नाही. नुकतंच कापलेलं पान त्यांनी आजोबांच्या हातात दिलं. “ह्ये तुमच्या घरी जपा. कुनाला दावू नगा.” मग ते एकेकाच्या हातात पानं ठेवत गेले. लोक इतके बधिर झाले होते, की जे हातात आलं ते मुकाट्यानं घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. अंमलदारानं एक पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं, दहा उघडली. त्याचाही चेहरा उतरला. अपुरं पुस्तक ग्रंथसंग्रहात घ्यायचं नाही, असा दरबारचा नियम होता.

“हे कोणी केलं?”

“म्या केलं. एकट्यानं,” हरबाजी म्हणाले.

अंमलदारानं यादीवर ‘निरुपयोगी’ असा शेरा मारला आणि पुस्तकं जागच्या जागी राहिली. पण दरबारच्या मालाची नासधूस झाली होती, तिला कुणीतरी गुन्हेगार हवा होता. रिकाम्या आलेल्या गाड्यांपैकी एकीत, हात बांधून, हरबाजींना बसवलं. गाड्या हलल्या तेव्हा कुठं गावाच्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तकं गावातच होती. त्यांची पानंही गावातच होती, घरोघरी, कोनाड्यात आणि ट्रंकेत. शीव ओलांडत होते ते फक्त हरबाजी.

माझे आजोबा अनवाणी गाडीमागं धावले. शिवेवर त्यांनी गाडी गाठली आणि गाल पुढं करून म्हणाले, “हरबा, मार मला. चार मान्सांदेखत मार.” बांधलेल्या हातांनी हरबाजी काय मारणार? ते एवढंच म्हणाले, “दुपारच्याला बाया येतील, आण्णा. दार उघडं ठेवा.” त्याच पावसाळ्यात तुरुंगात पटकीची साथ आली. त्यात हरबाजी गेले. ही बातमी आली तेव्हा आजोबा वाचनालयातच होते. ते तीन दिवस तिथून उठले नाहीत, असं आजी सांगायची.

पुढं संस्थानं गेली. एक बाइंडर आला आणि म्हणाला, पानं आणा, सगळी पुस्तकं जोडून देतो. गाव तयारही झालं होतं. तेव्हा म्हातारे आजोबा काठी टेकत उठले. “त्यानं जपाया दिल्यात. परत कवा मागितल्यात?” पुन्हा तो विषय कुणी काढला नाही. पान जपायचं आणि येणाऱ्याला वाचून दाखवायचं, तर घरात एकाला तरी वाचता यायला हवं. म्हणून इथल्या सुना आधी ते पान वाचायला शिकल्या आणि मग बाकीचं सगळं वाचू लागल्या.

अनुदानाचं रडगाणं अजून संपलेलं नाही. वर्षाला दहा-बारा नवी पुस्तकं येतात. आजही नवं पुस्तक आलं की हरबाजींच्या, म्हणजे पिश्यांच्या, घरातली थोरली बाई कात्री घेऊन येते आणि सगळ्यांसमोर त्याचं शेवटचं पान कापते. त्याआधी मगदुमांच्या घरातला थोरला पुढं होतो आणि गाल पुढं करतो. हवं त्यानं मारावं, असा रिवाज आजोबांनीच घातला. एवढ्या वर्षांत एकदाही कुणी हात उचललेला नाही. “येकदा तरी कुनी मारायला पायजे हुतं,” असं आजोबा शेवटपर्यंत म्हणत. गेली सतरा वर्षं तिथं मी उभा राहतो. डोळे मिटून थांबतो. मग कात्रीचा आवाज येतो.