राजाचा पहिला घास

सोनवाडीच्या ख्रिस्ती मंडळीतील वृद्ध उपदेशक शांतवन साळवे यांनी ही कथा २००९ साली, उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी सांगितली.

प्राचीन काळी बाबेल नगराचा राजा गच्चीवरून म्हणाला, "हे नगर मी एकट्याने बांधले." देवाने त्याचे राज्य काढून घेतले आणि गवत खाऊन जगण्यासाठी त्याला रानात गुरांमध्ये धाडले. तीन दिवस राजा उपाशीच ताठ उभा राहिला. असाच आणखी एक दिवस गेला तर हा वाचणार नाही, हे एका म्हाताऱ्या बैलाला कळत होते.

"महाराज, खाऊन घ्या."

"गवत वर आणून दे."

"मला हात नाहीत आणि गवताला पाय नाहीत. मान आपल्यालाच वाकवावी लागेल."

अखेर राजा वाकला. पहिला घास घेताना शेजारी चरणाऱ्या त्या बैलाचा खांदा त्याला प्रथमच जवळून दिसला. तिथले कातडे सोलवटून काळे पडले होते.

"हे कशाने झाले?"

"विटांच्या गाड्या ओढून."

"कुठल्या विटा?"

"आपण एकट्याने बांधलेल्या नगराच्या," बैल म्हणाला. त्याच्या स्वरात टोमणा नव्हता.

राजा बराच वेळ घास चावत राहिला. मग कोवळ्या गवताची जागा बैलासाठी सोडून तो बाजूला सरकला.

पुढे राजाला गादी परत मिळाली, असे बायबलमध्ये लिहिले आहे. त्या बैलाचे काय झाले, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही.